प्रभारी प्राचार्य व्हावं का? (लॉ कॉलेज, सिंधुदुर्ग) अनुभवी लोकांनी कृपया सांगा

तिलारीकाठ:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबेल जरा, सांभाळून घ्या.

मी सिंधुदुर्गातल्या एका विनाअनुदानित लॉ कॉलेजात शिकवते. अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली पाच सीएचबीवर, म्हणजे तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही, आणि मे महिन्यात ठणठण गोपाळ. मग फुल टाइम. एलएलएम मुंबई विद्यापीठातून, सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) दुसऱ्या झटक्यात निघाली, पीएचडी दोन वर्षांपूर्वी झाली. विषय कबुलायतदार गावकर जमिनी. आंबोली-गेळे-चौकुळ ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी एवढंच की पूर्वी गावाच्या वतीने गावकरांनी सरकारला कबुलायत लिहून दिलेली, जमीन पिढ्यान् पिढ्या सगळा गाव कसतोय, आणि आज सातबारा काढायला गेलं की डोकं धरून बसायची पाळी. सहा वर्षं मी त्या कागदांत होते, अर्धे मोडीत, ते वाचून घ्यायला एका आजोबांकडे दर रविवारी जायचे. आता त्याचं मराठीत पुस्तक करतेय, गावातल्या माणसाला वाचता येईल असं. दोन प्रकरणं झालीत, चार बाकी.

आता मुद्दा. आमचे प्राचार्य मेअखेर रिटायर झाले. गेल्या सोमवारी मॅनेजमेंटने बोलावलं. टेबलावर तीन फाईली, फॅनने उडू नयेत म्हणून वर जांभ्याचा तुकडा, चहा आला, बिस्किटं आली, तेव्हाच कळलं काहीतरी मोठं आहे कारण एरवी पाणीपण विचारत नाहीत. म्हणाले मॅडम, पीएचडी तुम्ही एकट्याच, दुसरं कोण आहे, प्रभारी म्हणून चार्ज घ्या. मी म्हटलं मला अनुभव नाही हो त्यातला. तर म्हणाले, "फार काही नसतं, सह्या करायच्या."

त्या वाक्याने चार दिवस झोप नाहीये.

घरी नवरा म्हणतो घे, आई म्हणते चालून आलेली खुर्ची लाथाडू नये. आणि मला सारखं वाटतंय की एकदा त्या खुर्चीत बसले की पुस्तक गेलं. त्याच दिवशी लायब्ररीत गेले तर एआयआरच्या, म्हणजे कोर्टनिकालांच्या, जुन्या खंडांवर पांढरी बुरशी, हात लावला तर पुठ्ठा ओला लागतोय, अजून अख्खा पाऊस जायचाय. शिपाईकाका म्हणाले आता तुम्हीच बघा मॅडम. म्हणजे त्यांना माझ्या आधीच कळलेलं.

कायदा शिकवणारी माणसं प्रशासनात गेली की त्यांच्या अभ्यासाचं नेमकं काय होतं? खरं सांगा, धीर द्यायला म्हणून नको.


चाकरमानी_परत:

ताई आधी अभिनंदन, मग थंड पाणी ओततो.

मी रत्नागिरीत सीएचबीवर आहे, सातवं वर्ष, म्हणून हे सगळे नियम तोंडपाठ झालेत, जेवायला नसलं की माणूस मेनूकार्ड वाचतो तसं. यूजीसीच्या २०१८ च्या रेग्युलेशनप्रमाणे रीतसर प्राचार्य व्हायला पीएचडी तर हवीच, वर तुम्ही असोसिएट किंवा प्रोफेसर पाहिजे, एकूण १५ वर्षं अनुभव, किमान १० पब्लिकेशन्स आणि ११० रिसर्च स्कोअर. मिळालं तरी पाच वर्षं, मग काम बघून अजून एकच टर्म. तुमची अकरा धरली तरी कमी, आणि त्यातली सीएचबीची पाच तर मोजतीलच असं नाही, कारण तात्पुरती सर्व्हिस धरायची तर त्या काळात रेग्युलर असिस्टंट प्रोफेसरएवढा पगार मिळालेला असावा अशी अट आहे. आता सीएचबीवाल्याला कुठे मिळतो तेवढा, हसायला येतं.

म्हणजे तुम्ही प्रभारीच राहणार. जबाबदारी सगळी प्राचार्याची आणि नाव प्रभारी. ॲडमिशनचे कॅप राऊंड, महाडीबीटीची स्कॉलरशिप अडकली की पालक तुमच्या दारात, नॅकचं मूल्यांकन, एलआयसी (विमा नव्हे, विद्यापीठाची तपासणी कमिटी), बार कौन्सिल, सगळं. आणि उद्या क्वालिफाइड माणूस मिळाला की थँक यू मॅडम. पैसे किती वाढवतायत ते विचारलंत का? ते आधी विचारा.


खाडीवरचा_मास्तर:

मॅडम, मी दोन कॉलेजं मिळून बारा वर्षं प्राचार्य होतो, आता निवृत्त आहे, सकाळी खाडीवर फिरायला जातो आणि इथे येऊन लोकांना सल्ले देतो, दुसरा उद्योग नाही. तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून सांगतो.

बारा वर्षांत मी काय लिहिलं? वार्षिक अंकातलं "प्राचार्यांचे मनोगत" बारा वेळा, त्यातली शेवटची चार आदल्या वर्षीचं बघून. दुसऱ्यांच्या पुस्तकांना दोन प्रस्तावना. बस. त्याआधीच्या आठ वर्षांत माझे नऊ पेपर होते, मालमत्ता हस्तांतरण कायद्यावर, चांगले होते असं अजूनही वाटतं. खुर्चीत बसल्यावर वाचनाला वेळ मिळत नाही असं लोक म्हणतात ते तितकंसं खरं नाही. वेळ मिळतो, पण तुकड्यांत मिळतो. दहा मिनिटं इकडे, वीस तिकडे, मध्येच शिपाई येऊन सांगतो सर पंप जळला. पंप जळल्यावर परत त्या परिच्छेदात जाता येत नाही, तिथेच सगळं सुटतं.

आणि सह्यांबद्दल. माझ्या पहिल्या कॉलेजात (नाव विचारू नका) पहिल्या वर्षी तपासणी आली तेव्हा माझ्यासमोर शिक्षकांची यादी ठेवली, पूर्णवेळ म्हणून आठ नावं. त्यातले तिघे रोज सकाळी साडेदहाला कोर्टात कोट घालून उभे असायचे, सगळ्या गावाला माहीत. मी सही केली. दुसऱ्या वर्षी नाही केली. तिसऱ्या वर्षी मी तिथे प्राचार्य नव्हतो. तेव्हा "सह्या करायच्या" म्हणाले असतील तर कशावर, हे चहा संपायच्या आत विचारायला हवं होतं, अजूनही विचारा. ऑर्डर लेखी घ्या, तीत मुदत घाला, चेकवर कोणाकोणाच्या सह्या चालतील ते घाला. तोंडी चार्ज घेऊ नका, कितीही गोड बोलले तरी.

आता मोठ्या माणसांचं. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजचे सत्यरंजन साठे सर, १९७६ ते १९९१ प्राचार्य. प्रशासकीय कायदा म्हटलं की आमच्या पिढीला तेच. पण न्यायालयीन सक्रियतेवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं २००२ ला, म्हणजे खुर्ची सोडून अकरा वर्षांनी. याचा अर्थ खुर्चीत असताना त्यांनी काही केलं नाही असा अजिबात नाही, त्यांनी भरपूर लिहिलं, पण मी माझ्या समाधानासाठी तो हिशोब असा मांडतो, हसू नका. माधव मेनन सरांचं वेगळं. बंगलोरचं नॅशनल लॉ स्कूल उभं केलं, पहिली बॅच १९८८ ची, मग कलकत्त्याचं कायदा विद्यापीठ, मग भोपाळची ज्युडिशियल अकॅडमी. आज पोरं बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉसाठी क्लॅट देतात ती वाट त्या माणसाने रुंद केली. त्यांना कोणी विचारलं नसेल तुमचा पुढचा ग्रंथ कधी म्हणून, त्यांनी संस्थाच लिहिल्या. तुम्ही यातल्या कोण आहात ते तुमचं तुम्हाला माहीत. मला वाटतं तुम्ही मोडी वाचणाऱ्या आहात.

एक मात्र मी कधी सोडलं नाही, सकाळी साडेसातचा तास. बाकी सगळं गेलं तरी तो तास होता म्हणून मी माणूस राहिलो.


हर्णैबंदर:

मास्तरांशी अर्धा सहमत. पण हे "खुर्चीत बसलं की अभ्यास मेला" प्रकरण आमच्या मातीतल्या माणसांना लावून बघा, बसत नाही ते.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं. १ जून १९३५ ला ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, त्याच्या चारपाच दिवस आधी २७ मे ला रमाबाई गेलेल्या. मे १९३८ पर्यंत खुर्चीवर. आता त्या तीन वर्षांत काय काय झालं बघा. ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा. १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष, आणि त्याच साली कॉलेजच्या मॅगझिनात कायद्याचं शिक्षण कसं सुधारावं यावर लेख, म्हणजे प्राचार्याचं मनोगतच म्हणा पण आदल्या वर्षीचं बघून लिहिलेलं नाही (मास्तर रागावू नका). १७ मार्च १९३७ ला चवदार तळ्याच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल, महाडच्या सवर्णांचं अपील फेटाळलं, आणि त्या खटल्यात प्रतिवादी कोण तर लॉ कॉलेजचे विद्यमान प्राचार्य. सप्टेंबर १९३७ ला त्यांनी कायदेमंडळात खोती (खोतांची जमीनदारी) रद्द करायचं बिल मांडलं, जानेवारी १९३८ ला त्यासाठी कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर. बिल तेव्हा पास झालं नाही, खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. पण ज्या ताईंनी गावकरांच्या जमिनीवर पीएचडी केलीय त्यांना मी खोतीबद्दल काय सांगणार.

दुसरे काणे. महामहोपाध्याय पां. वा. काणे, जन्म १८८० चा, चिपळूण तालुक्यातला, शाळा आमच्या दापोलीत. सुरुवातीला रत्नागिरीच्या हायस्कुलात मास्तर, मग हायकोर्टात वकिली, मध्ये काही वर्षं सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक, १९४७ ते ४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, पुढे राज्यसभा, १९६३ ला भारतरत्न. आणि हे सगळं करत धर्मशास्त्राचा इतिहास, पाच खंड, सहा हजारांवर पानं. पहिला खंड १९३०, दुसरा ४१, तिसरा ४६, चौथा ५३, पाचव्याचा शेवटचा भाग १९६२ ला, तेव्हा वय ८२. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये सात वर्षं गेली त्यात कुलगुरूपद येतं हे खरं, पण दुसऱ्याला तर अकरा वर्षं लागलेली आणि तेव्हा ते कुलगुरू नव्हते. म्हणजे उशीर व्हायचा तो होतोच, खुर्ची असो नसो.

ताई घ्या चार्ज.


सुकी_म्हावरी:

हे बरं आहे. बाई विचारतायत विनाअनुदानित कॉलेजचं आणि उत्तर येतंय बाबासाहेब आणि भारतरत्न.

अहो हर्णैबंदर, ते सरकारी कॉलेज होतं, पगार सरकार देत होतं, वेळेवर. आमच्याकडे एलआयसी येते तेव्हा पहिला प्रश्न असतो सुरमई कोण आणणार आणि दुसरा की कमिटीला एसी रूम कुठे मिळेल. दोन वर्षं मीही प्रभारी होतो (लॉ नाही, कॉमर्स, पण फाईली सगळ्यांच्या सारख्याच जाड असतात). माझ्या आयुष्यातली दोन वर्षं आरक्षणाचं रोस्टर तपासून घेण्यात गेली, बिंदुनामावली हा शब्द ऐकला तरी अजून ॲसिडिटी होते. आणि मोठी माणसं जमवतात म्हणून आपण जमवू हे लॉजिक म्हणजे शेजारच्याचा हापूस एक्सपोर्ट झाला म्हणून आपल्या रायवळाला पेटीचा भाव मागण्यासारखं आहे.

ताई, नको म्हणा. पुस्तक पुरं करा. कॉलेजला प्राचार्य मिळेल, त्या जमिनीवर लिहिणारं दुसरं कोणी मिळणार नाही.


कोर्टाची_पायरी:

बाय, मी हयलोच. पंचवीस वर्षा कोर्टाची पायरी झिजयतंय. प्राचार्य कोण व्हता ह्याच्याशी माझा काय देणाघेणा नाय, पण जुनिअर म्हणान जी पोरा माझ्याकडे येतत तेंका साधी कैफियत लिवक येणा नाय, ह्या माझा दुखणा आसा.

बाकीचं साध्या मराठीत लिहितो नायतर रत्नागिरीवाले बोंब मारतील.

मागच्या महिन्यात एक मुलगा आला, फर्स्ट क्लास, हुशार, बोलायला चांगला. वाटपाचा दावा होता, नेहमीचाच, एक भाऊ गावात, दोन मुंबईत, एक मयत त्याचे वारस डोंबिवलीत, घर सामाईक, आंब्याची चार कलमं सामाईक, विहीर सामाईक, भांडण मात्र स्वतंत्र. मी म्हटलं कच्चा दावा लिहून आण. त्याने दोन पानं समानतेच्या हक्कावर लिहून आणली. चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते, कुठे? तर म्हणाला ते पण लिहायचं असतं का सर. फेरफाराची नोंद कधी बघितलेलीच नाही. कॉलेजात ड्राफ्टिंगचा पेपर आहे, बार कौन्सिलने कंपल्सरी केलाय, तीन वर्षांच्या कोर्सला बारा आठवडे इंटर्नशिप पण आहे, पण ती होते कशी तर कुठल्यातरी वकिलाकडून सर्टिफिकेट आणायचं. मीपण दिलीत अशी सर्टिफिकेटं, खोटं कशाला बोलू, ओळखीतले लोक मागतात.

आता दुसरी गोष्ट. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्हे, त्यात आपले रत्नागिरी-सिंधुदुर्ग दोन्ही. आधी रिट म्हटलं की रात्रीची गाडी पकडून मुंबई, तिथे भाच्याकडे आंघोळ, कोर्टात बोर्डावर नंबर येईना म्हणून परत रात्रीची गाडी. आता सकाळी आंबोली घाट चढला की आजऱ्यावरून कोल्हापूर. पावसात घाटात दरड आली तर देवाक काळजी, पण आपल्या जिल्ह्यातल्या पोराला हायकोर्टात सिनिअरच्या मागे फाईल घेऊन उभं राहायचं असेल तर ते आता शक्य आहे. फक्त त्यासाठी कॉलेजकडून रीतसर पत्र लागतं, इंटर्नशिप कुठे, किती आठवडे, जबाबदार कोण. त्या पत्रावर सही कोणाची? प्राचार्याची. पुस्तक लिहिणाऱ्या मॅडमची चालत नाही.

मॅनेजमेंट सह्या करा म्हणते ना, तर ही पयली कर.


वरसोलीची:

अलिबागहून लिहितेय. मीही लॉ शिकवते, पंधरा वर्षं, प्राचार्य वगैरे नाही आणि व्हायचंही नाही, पण ही सगळी चर्चा "पुस्तक की खुर्ची" अशी चाललीय ती मला जरा खटकली म्हणून.

कायद्याच्या शिक्षकाचं काम पुस्तकातच होतं असं कुठाय. मथुरा प्रकरण आठवा. देसाईगंजच्या पोलीस चौकीतली १९७२ ची घटना, मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार, नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलेलं, आणि सुप्रीम कोर्टाने १९७८ ला सोडून दिलं, म्हणे तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही. मग १६ सप्टेंबर १९७९ ला चार कायद्याच्या शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार, वसुधा धागमवार. चार सह्या. संमती आणि शरण जाणं यातला फरक कोर्टाला समजावून सांगणारं पत्र. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्काराची वेगळी कलमं आली, शरीरसंबंध सिद्ध झाला आणि तिने संमती नव्हती असं सांगितलं तर कोर्टाने ते खरं धरून चालायचं, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली. दरवर्षी हे शिकवते तेव्हा वर्गात पाच मिनिटं कोणी बोलत नाही, मागच्या बाकावरचा मोबाईलसुद्धा खाली जातो.

आणि बक्षी पुढे दक्षिण गुजरात आणि दिल्ली अशा दोन विद्यापीठांचे कुलगुरू झाले, लिहायचे थांबले नाहीत. तेव्हा सुकी_म्हावरी यांचं रायवळ-हापूस मला पटलं नाही. (उपमा मात्र आवडली, वापरणार.)

तिलारीकाठ, मला एकच विचारायचंय. चार्ज घेतला नाहीत तर घेणार कोण? ते नाव तुम्हाला माहीत असणार. त्या माणसाने यादीवर सही केलेली तुम्हाला चालणार आहे का?


तिलारीकाठ:

सगळ्यांचे आभार. हर्णैबंदर, १ जूनच्या आधी २७ मे, हे मला माहीत नव्हतं. वाचून मोबाईल बाजूला ठेवला थोडा वेळ.

वरसोलीची, हो, नाव माहितीये. आणि नाही, चालणार नाही. ते तुम्ही बरोबर ओळखलंत.

आज दुपारी परत गेले मॅनेजमेंटकडे. मास्तरांनी सांगितलं तसं कागदावर लिहून नेलं, नाहीतर समोर बसल्यावर माझं अर्धं विसरतं. एक, लेखी ऑर्डर आणि मुदत एक वर्ष. हो म्हणाले. दोन, शिक्षकांच्या यादीत जो खरोखर तास घेतो त्याचंच नाव. यावर बराच वेळ शांतता, मग एकजण म्हणाले मॅडम तुम्ही नवीन आहात, मग दुसरे म्हणाले बघू. तीन, गुरुवारी मी अकरानंतर ऑफिसात नसेन, फोनही उचलणार नाही, पंप जळला तरी. यावर सगळे हसले, त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी नाही हसले. मग म्हणाले ठीक आहे. चाकरमानी, पैशाचं विचारलं, आकडा सांगत नाही, पण तुम्ही हसाल.

चौथं मी आयत्या वेळी घातलं, पायरीवाल्या वकीलसाहेबांमुळे. कोल्हापूरच्या इंटर्नशिपचं पत्र. ते लगेच हो म्हणाले कारण त्याला पैसे लागत नाहीत.

तर "बघू" वर अडलंय. सोमवारी सांगतो म्हणालेत.


सुकी_म्हावरी:

"बघू" म्हणजे नाही. मराठी येतं ना तुम्हाला.


कोर्टाची_पायरी:

नाय ओ, कोर्टात बघू म्हणजे पुढची तारीख.

बाय, पत्र झाला की दोन पोरा माझ्याकडे धाड आधी. कोल्हापूर नंतर. पयली चतुःसीमा लिवक शिकूंदेत.


खाडीवरचा_मास्तर:

मॅडम, तुमच्या जागी मी पहिल्या वर्षी "बघू" वर गप्प बसलो होतो. तुम्ही अडून बसलात. माझ्या सल्ल्यातलं "तुम्ही मोडी वाचणाऱ्या आहात" हे मी मागे घेतो, किंवा अर्धं घेतो, गुरुवार सोडून.

सोमवारी यादीबद्दल परत बोलणं निघालं तर नवीन फौजदारी कायद्यांचा विषय काढा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम लागू आहेत, पोरांना आता हे शिकवायला माणूस लागतो, आणि जुन्या खटल्यांसाठी जुनं दंडविधान पण लागतं, म्हणजे काम डबल. कागदावरचा माणूस तास घेत नाही. हे नैतिकतेचं बोलण्यापेक्षा त्यांना लवकर कळतं, रिझल्ट लागला की पेपरात नाव येतं ना कॉलेजचं.

आणि ते एआयआर. सोमवारची वाट बघू नका, उद्याच करा. खंड बाहेर काढून आडवे नाही, उभे ठेवा, पानं थोडी पंख्यासारखी उघडी, वरून साधा पंखा. उन्हात घालू नका, असंही ऊन कुठाय. बुरशी कोरड्या ब्रशने बाहेर व्हरांड्यात झाडायची, लायब्ररीत नाही, नाहीतर बाकीच्यांवर बसते, आणि तोंडाला फडकं बांधायचं. कपाटाला मागून भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. आमच्याकडे कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवायचो पावसाळाभर, साधा, तारेचा, एलईडी गरम होत नाही तितका. तो हल्ली मिळत नाही सहजी, जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारा. पुस्तकापासून लांब टांगा.


तिलारीकाठ:

मास्तर, किती वॉटचा?


खाडीवरचा_मास्तर:

चाळीसचा. शंभरचा लावलात तर बाइंडिंगचा गोंद सुटतो.